गीता २.४० : सुरू केलेलं वाया जात नाही



आजचं वाचन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४० वा श्लोक. याच अध्यायातला ४७ वा श्लोक सगळ्यांना पाठ असतो, कर्म आणि फळाचा. ऑफिसमध्ये अप्रेझल खराब गेलं की कुणी ना कुणी तो ऐकवतंच. ४० वा मात्र आपण घाईत ओलांडून जातो. त्यात उपदेश असा काही नाही, फक्त एक आश्वासन आहे.

पण तो कुठे येतो ते बघा. ३९ व्या श्लोकात भगवंत म्हणतात, आत्तापर्यंत तुला सांख्य सांगितलं, आता योगाची बुद्धी ऐक. योग म्हणजे काय, तो कसा करायचा, हे अजून काहीच सांगितलेलं नाही. त्याआधी ते अर्जुनाला हमी देतात. माझ्या शब्दांत अर्थ असा : या वाटेवर केलेल्या सुरुवातीचा नाश होत नाही, तिचं उलटं फळ येत नाही, आणि या धर्माचं थोडंसं आचरणही मोठ्या भयातून सोडवतं.

हा श्लोक आज निवडायला एक कारण आहे. माझ्या मावसबहिणीचा गेल्या आठवड्यात फोन आला. ती पुण्यात असते, माझ्यासारखीच आयटीत. अकरा महिन्यांपूर्वी तिच्या बाबांना, म्हणजे आमच्या काकांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. तेव्हापासून ती रोज सकाळी त्यांच्या हाताचे व्यायाम घेते, बोटं एकेक करून उघडते-मिटते, आणि संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून हरिपाठ म्हणते. बोटं अजून आपणहून हलत नाहीत. इंजिनिअर आहे, म्हणून तिने एक्सेलची शीट केली आहे. कुठलं बोट, किती वेळा, काय फरक. ‘फरक’ या रकान्यात अकरा महिने शून्य आहे.

ती म्हणाली, “दादा, खरं सांग. हे वाया जातंय का? व्यायाम आणि हरिपाठ, दोन्ही?”

फोनवर मी पटकन ‘नाही गं’ म्हणालो नाही. रोज पहाटे उठून बापाचा हात हातात घेणाऱ्या मुलीला तयार वाक्य देऊन चालत नाही. “मला दोन दिवस दे,” म्हटलं. तिच्या परवानगीनेच हे इथे लिहितोय. तुमच्यापैकीही अनेकांच्या घरी असा एखादा शून्याचा रकाना असणार.

आधी भाष्य बघू. आद्य शंकराचार्यांनी या श्लोकावर लिहिताना दोन दाखले दिले आहेत. ‘सुरुवातीचा नाश होत नाही’ याचा अर्थ सांगताना ते शेतीचं उदाहरण घेतात, पण उलट बाजूने. शेतीत केलेली सुरुवात बुडू शकते, तसं इथे होत नाही. ‘उलटं फळ येत नाही’ याला त्यांचा दाखला आहे वैद्यकीय उपचारांचा. उपचार कधी अंगावरही येतात, तसं इथे होत नाही.

हे वाचून मी थबकलोच. शेती आणि औषधोपचार! म्हणजे आचार्य स्पष्टच म्हणतायत की पेरलेलं उगवेलच आणि उपचार लागू पडतीलच, अशी हमी हा श्लोक देत नाही. त्या दोन्ही ठिकाणी सुरुवात फुकट जाऊ शकते, हे त्यांनी मान्यच केलंय. मग वाया जात नाही ते नक्की काय?

याचं उत्तर शोधताना मला आठवली एक बाग. २०२२ च्या उन्हाळ्यात मी लंडनमध्ये होतो, आणि आठवड्यातला अर्धा दिवस एका जुन्या घराच्या बागेत स्वयंसेवक म्हणून जायचो. घर होतं चार्ल्स डार्विनचं. डाऊन हाऊस. लंडनच्या आग्नेयेला, केंटच्या बाजूला, डाऊन नावाच्या लहानशा गावात. ब्रॉम्लीहून १४६ नंबरची बस गावात जाते, शेवटचा रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर बस थांबून राहते. डार्विन इथे १८४२ मध्ये राहायला आला आणि १८८२ मध्ये जाईपर्यंत, चाळीस वर्षं, इथेच राहिला. आता हे घर इंग्लिश हेरिटेज सांभाळतं. काचघर, भाजीचा मळा, फुलांचे वाफे आणि हिरवळ असं सगळं तिथे आहे. माळी पगारी असतात, पण हाताखालची पुष्कळशी कामं आमच्यासारखे लोक करतात. बहुतेक जण निवृत्त. मी त्यातला सगळ्यात लहान, आणि खुरपं धरायला सगळ्यात नवशिका.

आता तुम्ही म्हणाल, वारकरी घरातला मुलगा डार्विनच्या बागेत काय करत होता? खरं सांगायचं तर ऑफिसच्या चार भिंतींतून बाहेर पडायचं होतं आणि हाताला माती लागावी असं वाटत होतं. डार्विनला भक्त ठरवायचा माझा बिलकूल हेतू नाही. उतारवयात तो स्वतःला अज्ञेयवादी म्हणायचा. त्याची बायको एमा श्रद्धाळू होती. लग्नानंतर लवकरच तिने त्याच्या श्रद्धेविषयीची आपली काळजी एका पत्रात लिहून त्याला दिली होती. ते पत्र त्याने आयुष्यभर जपलं, आणि त्याच्या तळाशी लिहून ठेवलं की हे मी कितीदा तरी ओठांना लावून रडलो आहे. दोघांचं मत शेवटपर्यंत जुळलं नाही, संसार मात्र झाला, आणि फुलांचे वाफे एमाच्या देखरेखीखाली फुलले. आपल्याशी न जुळणाऱ्या माणसाकडूनही शिकता येतं, हे मला त्या घरात फिरताना पटलं.

तो उन्हाळा आठवतोय का? इंग्लंडमध्ये १९३५ नंतरचा सगळ्यात कोरडा जुलै होता तो. १९ जुलैला लिंकनशायरमध्ये पारा ४०.३ अंशांवर गेला. आपल्याला नागपूरचा मे महिना माहीत असतो, पण ज्या देशात घरांना पंखे नसतात तिथे ही गोष्ट वेगळी. हिरवळ तांबूस तपकिरी झाली होती. जमीन इतकी कडक की खुरपं मारलं तर ठण् असा आवाज यायचा. आमचं काम होतं सकाळी लवकर झारीने पाणी घालायचं, वाळलेली फुलं खुडायची, तण काढायचं आणि रोपांच्या बुडाशी खताचं आच्छादन पसरायचं. पुढच्या आठवड्यात गेलं की सगळं परत तसंच. तण पुन्हा आलेलं, माती पुन्हा सुकलेली. सॉफ्टवेअरमध्ये निदान तिकीट क्लोज तरी होतं. बागेत कुठलंच तिकीट क्लोज होत नाही.

इकडे महाराष्ट्रात त्याच दिवसांत, करोनाची दोन वर्षं गेल्यावर, पहिल्यांदा पायी वारी पूर्ण निघाली होती. १० जुलैला आषाढी एकादशी झाली. घरच्या ग्रुपवर वाखरीचे फोटो येत होते आणि मी परदेशात एका इंग्रज माणसाच्या वाफ्यात तण उपटत होतो. मन खट्टू व्हायचं. तेव्हा आठवले सावता महाराज.

संत सावता माळी. अरण हे त्यांचं गाव, सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरपासून फार लांब नाही. परंपरा सांगते की ते मळा सोडून कधी पंढरीला गेले नाहीत. मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांनी विठ्ठल पाहिला, आणि मग विठ्ठलच त्यांच्याकडे आला. आजही सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, आणि पांडुरंगाची पालखी मात्र सावतोबांना भेटायला अरणला येते. मळा राखणं हीच त्यांची पूजा होती. आपण ही गोष्ट गोड म्हणून ऐकतो, पण तिचा कडक भाग विसरतो. माळ्याचं काम न संपणारं आहे. पाऊस रुसला तर वर्षाची मेहनत जाते, कीड पडली तर वाफा जातो. ज्या कामात सुरुवात बुडू शकते असं आचार्यांनी म्हटलं, नेमकं त्याच कामात उभं राहून सावता महाराज मुक्त झाले.

आता डार्विनच्या दोन गोष्टी सांगतो. दोन्ही त्याच्या बागेतल्या आणि आसपासच्या शेतातल्या, दोन्ही त्याने स्वतः लिहून ठेवलेल्या.

पहिली गोष्ट तणाची. त्याने तीन फूट लांब, दोन फूट रुंद असा जमिनीचा एक तुकडा खणून साफ केला आणि तिथे आपोआप उगवणाऱ्या तणाच्या प्रत्येक रोपाची मोजदाद ठेवली. एकूण ३५७ रोपं उगवली. त्यातली २९५ मेली, बहुतेक गोगलगायी आणि किड्यांमुळे. उरली ६२. म्हणजे पाचातली चार गेली. लक्षात घ्या, ही नाजूक गुलाबाची रोपं नव्हती, चिवट तण होतं. निसर्गात सुरुवातीचा नाश होतो, आणि भरपूर होतो. शंकराचार्यांनी जे एका वाक्यात म्हटलं ते डार्विनने गुडघ्यावर बसून मोजलं.

दुसरी गोष्ट खडूची. त्या भागात जमिनीखाली चुनखडीचा पांढरा दगड आहे, तिथे त्याला खडूच म्हणतात. २० डिसेंबर १८४२ ला, म्हणजे त्या घरी राहायला येऊन चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, त्याने घराजवळच्या एका शेतावर खडूचे तुकडे पसरवले. आणि मग तो थांबला. किती? २९ वर्षं. १८७१ च्या नोव्हेंबरअखेरीस त्याने तिथे चर खणला. वर नुसतं गवत. पण पृष्ठभागाखाली सात इंचांवर खडूच्या खड्यांची पांढरी रेघ, चराच्या दोन्ही बाजूंना, स्वच्छ दिसणारी.

हे कुणी केलं? गांडुळांनी. गांडूळ खालची माती खातं आणि वर येऊन विष्ठेच्या बारीक गोळ्यांच्या रूपात टाकतं. वर्षाला पाव इंचसुद्धा नाही, इतकी माती वर साठत गेली. यात मला सगळ्यात भावलेली गोष्ट ही की लोकांना वाटायचं, दगड स्वतःच्या वजनाने खाली बुडतात. डार्विन म्हणाला, त्यांच्यावर माती चढते. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत एकेका एकरात दरवर्षी दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा त्याचा हिशेब होता.

त्याच्या घराजवळ आणखी एक शेत होतं. १८४१ मध्ये शेवटचं नांगरलं आणि मग कुरणासाठी सोडून दिलं. गारगोट्यांनी इतकं भरलेलं की त्याची मुलं त्याला ‘दगडांचं शेत’ म्हणायची. उतारावरून ती धावली की दगड खडखडायचे. डार्विनने लिहून ठेवलंय की हे मोठे दगड मातीखाली गेलेले बघायला मी जगेन की नाही, अशी मला शंका होती. तीस वर्षांनी त्याच शेतावरून घोडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दौडत गेला असता, तरी टापेला एक दगड लागला नसता.

या सगळ्यावर त्याने पुस्तक लिहिलं, ते आलं १८८१ मध्ये. पुढच्या एप्रिलमध्ये तो गेला. गांडुळांचा विषय त्याने भूगर्भशास्त्राच्या संस्थेत पहिल्यांदा मांडला होता १८३७ मध्ये. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं एक माणूस गांडुळांच्या मागे होता. त्यांना ऐकू येतं का हे तपासायला त्याने कुंड्यांतल्या गांडुळांसमोर शिट्टी वाजवली, बसून नावाचं भलंमोठं सुषिर वाद्य वाजवलं, पियानो वाजवला, ओरडूनही पाहिलं. त्यांना काही फरक पडला नाही. पण कुंडी पियानोवर ठेवली की स्वर वाजताच गांडूळ बिळात पळायचं. कंप कळायचा, आवाज नाही. एखाद्या रटाळ कीर्तनात आपलंही असंच होतं म्हणा!

तर मंडळी, आता या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. ३५७ रोपांपैकी २९५ मेली, ही पहिली. पसरलेला खडू दिसेनासा झाला, पण गेला कुठेच नव्हता, ही दुसरी. माझ्या बहिणीचा प्रश्न या दोन गोष्टींच्या मध्ये उभा आहे. काकांची बोटं हे त्या ३५७ मधलं एखादं रोप असू शकतं. जगेल किंवा जगणार नाही. तिथे गीता हमी देत नाही, आणि मी गीतेच्या नावाने ती देऊ शकत नाही. डॉक्टर जे सांगतील तेच तिथलं प्रमाण. नामस्मरण करा म्हणजे हात हलेल, असं सांगणारे खूप भेटतात. अशा वेळी सावध राहा. त्यातून श्रद्धा वाढत नाही, उलट हात हलला नाही की माणूस नामालाच दोष देतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे स्वतःला.

मग हमी कशाची? पुन्हा श्लोकाकडे चला. शेवटचा भाग बघा, थोडंसं आचरणही मोठ्या भयातून सोडवतं. ‘मोठ्या दुःखातून’ किंवा ‘आजारातून’ असं भगवंत म्हणत नाहीत. भय म्हणतात. परंपरेने याचा अर्थ जन्ममरणाचं भय असा घेतलाय, आणि तो बरोबरच आहे. पण तुमच्या-माझ्या वयाला ते भय कुठल्या रूपात भेटतं? मला वाटतं, ‘माझं सगळं वाया जातंय’ या रूपात. रात्री दोनला छातीवर येऊन बसतं ते हेच. नोकरी, नातं, साधना, सेवा, कशातच काही साठत नाहीये, मी उद्या नसलो तर काही उरणार नाही. मरणाच्या भयाचंच हे धाकटं भावंडं.

त्या भयातून सोडवणारी गोष्ट म्हणजे रोजचं थोडंसं आचरण. ते कुठे साठतं? काकांच्या बोटांत साठेल न साठेल. पण करणाऱ्यात नक्की साठतं. माऊलींनी ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी, पुढच्या श्लोकाच्या निमित्ताने, दिव्याच्या ज्योतीचा दृष्टान्त दिलाय. ज्योत एवढीशी असते, पण उजेड पुष्कळ देते, तशी ही बुद्धी लहान म्हणून तिला कमी लेखू नये. त्यात बघा, ज्योत मोठी होत नाही. एवढीशीच राहते. पण तिच्यामुळे घरातल्या वस्तू दिसायला लागतात.

अकरा महिन्यांपूर्वीची माझी बहीण मला माहीत आहे. रक्त बघून चक्कर यायची तिला. हॉस्पिटलच्या वासाने बाहेर जाऊन उभी राहायची. आज ती बाबांना कुशीवर वळवते, पाठीला जखम होऊ नये म्हणून रोज तपासते, आणि ते चिडून डाव्या हाताने ताट ढकलतात तेव्हा शांतपणे पुन्हा वाढते. हे तिच्या शीटमध्ये कुठे आहे? त्याला रकानाच नाही. तिने खडू पसरला, तो दिसेनासा झाला, आणि तिला वाटतंय बुडाला. खडू बुडालेला नाही बाई, माती वर आली आहे. तू ज्या जमिनीवर आज उभी आहेस ती अकरा महिन्यांपूर्वी नव्हती.

दृष्टान्त एका बाजूनेच घ्यायचा असतो, हे मला मान्य आहे. गांडुळांना काही साधायचं नव्हतं आणि डार्विनला मोक्ष नको होता. पण निसर्गात जर इतकं छोटं काम इतकं साठू शकतं, तर भगवंताने ज्याची हमी घेतली ते साठणार नाही का, एवढंच मला म्हणायचंय.

आणखी एक बारकावा. त्या कोरड्या जुलैत मी अख्ख्या बागेत एकही गांडूळ पाहिलं नाही. ज्या घरात गांडुळांवर जगातलं सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक लिहिलं गेलं, तिथे गांडूळच नाही! आमच्यात एक आजोबा होते, ऐंशीला टेकलेले, निवृत्त पोस्टमन. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “खाली गेलीत. कोरडं पडलं की खोल जाऊन वेटोळं करून बसतात. ओल आली की येतील वर. आपण तोपर्यंत माती झाकून ठेवायची.” म्हणून ते आच्छादन.

साधनेतही असा कोरडा ऋतू येतो. जप करायला बसलं की नुसती जीभ हलते, आत काही नाही. हरिपाठ म्हणताना लक्ष घड्याळाकडे. आपण लगेच निष्कर्ष काढतो, माझी भक्तीच आटली. आटली नसेल, खोल गेली असेल. कोरड्या दिवसांत आपलं काम भक्ती ओढून वर काढायचं नाही, माती झाकून ठेवायचं. म्हणजे नेम चालू ठेवायचा. वेळ तीच, जागा तीच, माळ तीच. भाव आला तर उत्तम, नाही आला तरी आसन मोडायचं नाही.

माळेवरून आठवलं. डार्विनच्या बागेच्या टोकाला एक वाट आहे, सँडवॉक नावाची, झाडीतून गोल फिरून येणारी. रोज तो त्या वाटेवर फेऱ्या मारायचा आणि विचार करायचा. किती फेऱ्या झाल्या हे मोजण्यात डोकं अडकू नये म्हणून वळणावर गारगोट्यांची लहानशी रास ठेवायचा आणि प्रत्येक फेरीला एक दगड काठीने किंवा पायाने बाजूला सारायचा. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसूच आलं. ही तर जपमाळ! मोजणी हाताला किंवा पायाला देऊन टाकायची, म्हणजे मन मोकळं राहतं. माळ हिशेबासाठी नसते, हिशेब डोक्यातून काढण्यासाठी असते. आपण मात्र ॲपवर एक लाख जप पूर्ण झाल्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला लावतो.

त्या आजोबांना मी आणखी एक गोष्ट विचारली होती. काचघराच्या बाजूला ते एका कोवळ्या झाडाला आळं करत होते. “हे मोठं व्हायला किती वर्षं?” ते म्हणाले, “मी बघणार नाही.” एवढंच. आवाजात खंत नाही, अभिमान नाही. पोस्टमननं पत्र टाकून पुढच्या दाराकडे वळावं तसं म्हणाले आणि झारी घेऊन पाण्याच्या पिंपाकडे गेले. ते गीता वाचत नव्हते. चर्चलाही जात नसत, बहुतेक. पण भयातून सुटलेला माणूस कसा दिसतो, ते मी त्या क्षणी पाहिलं. आत्ता चाळिशी जवळ येतेय तर वाटतं, असं म्हणता आलं पाहिजे.

दोन दिवसांनी बहिणीला मी फोन केला. वरचं सगळं इतकं लांबण लावून नाही सांगितलं. तिला म्हटलं, “काकांचा हात हलेल की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारत राहा, फिजिओ बदलायचा तर बदल, त्यात देवाला मध्ये आणू नकोस. पण तू जे करतेयस ते वाया जात नाहीये, हे मी गीतेच्या आधाराने सांगतो. ते शीटमध्ये नाही दिसणार.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “दादा, ते सगळं ठीक आहे. पण मी थकलेय रे.”

मंडळी, हेही ऐकायला हवं. वाया जात नाही याचा अर्थ थकवा येत नाही असा नाही. आणि श्लोकातला शब्द ‘थोडंसं’ असा आहे. भगवंतांनी ‘सगळं’ मागितलेलं नाही. बागेतही कुणी एकटा राबत नव्हता. वार वाटून घेतलेले होते, आजोबांच्या गुडघ्यांना त्रास व्हायचा तेव्हा खालचे वाफे मी करायचो. सेवेला सोबत लागते. वारीतसुद्धा दिंडी असते ती उगाच नाही. आता आम्ही भावंडांनी ठरवलंय. धाकटा भाऊ शनिवार-रविवार काकांकडे राहायला जातो, आणि मंगळवार-गुरुवारचा हरिपाठ मी इथून व्हिडिओ कॉलवर म्हणतो, तेव्हा ती खाली एक चक्कर मारून येते. व्यायाम चालू आहेत. फिजिओला लागते म्हणून शीटही आहे, पण ती आता आठवड्यातून एकदाच भरते.

आज करण्यासारखं एवढंच. तुम्ही सुरू करून ‘काही होत नाही’ म्हणून सोडून दिलेली एक लहान गोष्ट आठवा. रोज एक ओवी वाचणं असेल, आजीला फोन करणं असेल, पाच मिनिटं शांत बसणं असेल. आज ती तेवढ्याच लहान मापात पुन्हा करा. दुप्पट करून भरपाई करू नका. आणि तुमच्या ओळखीत कुणी एकटं आजारपण काढत असेल, तर त्यांना ‘काही लागलं तर सांग’ असं म्हणू नका. कुठला वार तुमचा, ते तुम्हीच सांगा.

भगवंताने योग शिकवण्याआधी हमी दिली. कारण त्याला माहीत होतं, समोरचा थकलेला आहे, धनुष्य टाकून बसलेला आहे.

राम कृष्ण हरी.